नागासाकीतला वसईकर

फुकुओकाहून नागासाकीला सकाळी निघून रात्री जेवायला परत येता येते, असे भाच्याने सांगितले तेव्हा सौभाग्यवतीला आनंद झाला आणि मला जरा धस्स झाले. आता सबब उरली नव्हती.

भाचा फुकुओकाला नोकरीला आहे. कॉलेजला मे महिन्याची सुट्टी लागली आणि 'मामा, आता तरी या' हा त्याचा तीन वर्षांचा हट्ट पुरवायला आम्ही दोघे निघालो. निघण्याच्या आदल्या रविवारी वसईतला माझा एक बालमित्र भेटला. आम्ही पाचवीपासून एका बाकावर बसलेले. त्याची केळीची वाडी आहे. 'होती' म्हणावे इतकीच आता उरली आहे. जपानचे ऐकल्यावर तो म्हणाला, "नागासाकी जवळ असेल तर त्या टेकडीवर जाऊन ये. गोन्सालोचा एक फोटो काढून आण. आजीला फार जायचं होतं. राहून गेलं बघ." एवढे बोलून तो पाण्याच्या टाकीच्या भावावर घसरला. पण त्या 'गोन्सालो' शब्दाने माझ्या मनात जे व्हायचे ते होऊन गेले होते. कारण माझ्या मित्राचे नावही तेच आहे. आजीने नवस बोलून ते ठेवले होते.

हा गोन्सालो कोण, हे वसईबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते, म्हणून सांगतो. गोन्सालो गार्सिया हा सोळाव्या शतकात वसईला जन्मलेला माणूस. बाप पोर्तुगीज, आई इकडची, कोकणातली. पोरवयातच तो धर्मप्रसारकांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग मकावला व्यापार केला, फिलिपिन्समध्ये मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन पंथात साधा सेवक झाला. १५९३ साली मनिलाहून काही फ्रान्सिस्कन जपानच्या सत्ताधाऱ्याकडे, तोयोतोमी हिदेयोशीकडे, वकिलीला निघाले तेव्हा त्यांना जपानी येणारा माणूस हवा होता. म्हणून दुभाष्या म्हणून हा बरोबर गेला, आणि चार वर्षांनी, १५९७ च्या ५ फेब्रुवारीला, नागासाकीच्या एका टेकडीवर इतर पंचवीस जणांबरोबर त्याला क्रूसावर चढवून भाल्याने मारण्यात आले. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अजून तेहतीस वर्षे होती. १८६२ साली पोपने या सव्वीस जणांना संतपद दिले. वसईत त्याच्या नावाचे कॉलेज आहे, त्याचा सण होतो. मी वसईचा, मराठीचा मास्तर, आणि चाळिशी उलटेपर्यंत मला त्याच्याबद्दल या चार ओळींपलीकडे माहिती नव्हती.

भाच्याला रजा नव्हती. त्याने माझ्या फोनमध्ये भाषांतराचे यंत्र घालून दिले, मामीच्या हातात दशम्यांचा डबा दिला, हाकाता स्टेशनावर आम्हाला गाडीत बसवले आणि 'ताकेओ-ओन्सेनला उतरून समोरच्याच गाडीत चढा' हे तीन वेळा बजावले. वाटले, इतके काय त्यात? पण बजावले ते बरे केले. ताकेओला त्याच फलाटाच्या दुसऱ्या अंगाला नवी शिंकान्सेन उभी असते. २०२२ साली सुरू झालेला हा ६६ किलोमीटरांचा तुकडा अजून पुढच्या जाळ्याला जोडलेला नाही, म्हणून ही बदलाबदली. बदलायला जेमतेम दोनतीन मिनिटे. आमच्या बोरिवलीला फलाट बदलण्याचा सराव असलेल्या सौभाग्यवतीने मला मागे टाकले.

या गाडीला बोगदेच फार. मधेच उजेड आला की डावीउजवीकडे भातखाचरे, कौलारू घरे, डोंगर, आणि ओमुराजवळ क्षणभर राखी रंगाचे पाणी. त्यांतल्या चोवीस जणांना क्योतोमध्ये डाव्या कानाचा तुकडा कापून गावभर फिरवले, आणि मग भर थंडीत सुमारे आठशे किलोमीटर चालवत नागासाकीला आणले, ते याच बाजूने. ओमुराचे आखात त्यांना होडीतून ओलांडायला लावले होते. जवळजवळ महिनाभराची ती वाट होती. आमचा डबा उघडायच्या आत नागासाकी आले.

स्टेशनाबाहेर येताच नकाशात पाहिले. टेकडी समोर. निशिझाका तिचे नाव. पायी पाच-सात मिनिटे, आणि थोडा चढ. सौभाग्यवती म्हणाली, "आधी तिकडेच जाऊन येऊ या. मित्राचं काम एकदा झालं की मोकळे."

"पाऊस येईलसं वाटतं," मी म्हणालो. "संध्याकाळी गाडीच्या आधी जाऊ. स्टेशनाजवळच तर आहे." आणि ट्रामकडे चालू लागलो.

नागासाकीची ट्राम ही म्हाताऱ्या आत्याबाईंसारखी आहे. घाई करत नाही, कुणाला टाकून जात नाही. मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरताना चालकाजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. मुंबईतली ट्राम १९६४ साली बंद पडली. मी ती पाहिलेली नाही, पण वडिलांच्या तोंडून इतकी ऐकली आहे की लाकडी बाकावर बसताच मला उगीचच ओळखीचे वाटले.

पहिला मुक्काम देजिमा. नावाने हे बेट आहे, पण आता त्याच्या चारी बाजूंनी समुद्र नाही, रस्ते आहेत. समुद्र भरून काढता काढता बेट गावाच्या पोटात गेले. आमच्या शेजारचे सोपारे असेच. एके काळी शूर्पारक म्हणून जगाची गलबते तिथे लागत, आज समुद्र शोधत जावे लागते. पंख्याच्या आकाराचे हे देजिमा १६३४ ते १६३६ या काळात बांधले ते पोर्तुगीज व्यापाऱ्यांना गावापासून वेगळे कोंडून ठेवण्यासाठी. व्यापार हवा, पण त्याबरोबर येणारा धर्म नको, असा तो हिशेब होता. पुढे तीनच वर्षांत, १६३९ मध्ये, पोर्तुगीजांना जपानातून साफ घालवून दिले, आणि रिकाम्या बेटावर १६४१ साली डच लोकांना आणून बसवले. ते दोनशे वर्षांहून अधिक काळ तिथे राहिले.

त्या फलकापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. १६३९. आणि वसई? १७३९. चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला तो बरोबर शंभर वर्षांनी. गोव्याहून निघालेली पोर्तुगीज जहाजे मकाव करून या बंदराला लागत. १५७१ पासून ती नागासाकीला येऊ लागली, आणि १५८० साली तर इथल्या सरदाराने हे गाव जेझुइट पाद्र्यांना देऊनच टाकले होते. सात-आठ वर्षांनी हिदेयोशीने ते काढून घेतले. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. म्हणजे ही दोन गावे एकाच जहाजवाटेवरची, एका मालकाची सावत्र भावंडे म्हणावीत तशी. आम्हाला शाळेत वसई शिकवली, ती तटाला शिड्या लावण्यापासून. ही वाट कुणी दाखवली नाही.

देजिमाच्या दुकानात एक गंमत झाली. भाच्याने सांगून ठेवले होते, की जपानीत पावाला 'पान' म्हणतात. सौभाग्यवतीने विचारले, "मग विड्याच्या पानाला काय म्हणतात?" तिच्या या प्रश्नाने माझ्यातला मास्तर जागा झाला. पोर्तुगीजांनी दोन्हीकडे शब्द उतरवले आणि दोन्ही भाषांनी ते आपापल्या जिभेप्रमाणे वळवून घेतले. आमचा पाव, त्यांचा पान. आमचा तंबाखू, त्यांचा ताबाको. आमचा साबण, त्यांचा शाबोन. आमचा पाद्री, त्यांचा बातेरेन. आणि क्रूसाला ते त्या काळी म्हणत कुरुसु. इतकी वर्षे वर्गात 'पोर्तुगीज भाषेतून मराठीत आलेले शब्द' ही यादी मी घोकून घेत आलो आहे. पगार, परात, घमेले, तुरुंग, हापूस. त्याच गलबतातून तेच शब्द पुढे इतक्या दूर उतरले असतील, हे मनात आले नव्हते. आणि गोन्सालोला हे दोन्हीकडचे शब्द ऐकू येत असणार. पावाला पान म्हणताना त्या वसईकराला हसू आले असेल का?

देजिमाच्या डच काळात दुभाष्यांची घराणीच होती. बापाकडून मुलाकडे डच भाषा जायची. व्यापाऱ्यांच्या प्रत्येक बोलण्यामध्ये यांचे तोंड. त्यांचा मान होता, पण जबाबदारीही भारी. दोन माणसांच्या भांडणात शब्द वाहून नेणाऱ्याचा दोष काय? पण राग आला की तो आधी त्याच्यावर निघतो.

कास्तेरा नावाचा केक इथला प्रसिद्ध. तोही पोर्तुगीजांची देणगी. अंडी, मैदा, साखर, आणि तळाला जाड साखरेचे दाणे. अंडे आहे म्हटल्यावर सौभाग्यवतीने तो माझ्याकडे सरकवला, आणि वासानेच पोट भरल्याचे सांगून दशमी काढली. चायनाटाउनपाशी ट्राम बदलून आम्ही ओउराला गेलो. चढावर दोन्ही बाजूंना दुकाने, हायड्रेंजियाची निळी-जांभळी फुले नुकती उमलू लागलेली. वर ग्लोव्हर नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याचा बंगला आणि बाग आहे. ती आम्ही बाहेरूनच पाहिली. श्रीमंतांचे बंगले सगळीकडे सारखेच.

ओउराचे चर्च मात्र राहून गेले असते तर हळहळ वाटली असती. फ्रेंच पाद्र्यांनी ते १८६४ साली बांधले आणि त्या सव्वीस जणांनाच वाहिले. ते उभे केले आहे तेही निशिझाकाच्या टेकडीकडे तोंड करून. म्हणजे मी टेकडी टाळून इथे आलो, तर इथेही तोच.

या चर्चची गोष्ट अशी. १६१४ पासून जपानभर ख्रिस्ती धर्माला बंदी होती. पाद्री हाकलले, उरले त्यांना मारले. चर्च पाडली. सगळ्यांना वाटले, संपले. आणि १८६५ च्या मार्च महिन्यात, चर्च उघडून महिनाही झाला नव्हता, तेव्हा उराकामी गावची काही शेतकरी माणसे दारात येऊन उभी राहिली. आत आल्यावर त्यांच्यातल्या एका बाईने पाद्र्याजवळ जाऊन हळूच सांगितले, की तुमच्या मनात आहे तेच आमच्याही मनात आहे, आणि मेरीची मूर्ती कुठे आहे ते विचारले. अडीचशे वर्षे या लोकांनी पाद्र्यावाचून, पुस्तकावाचून धर्म सांभाळला होता. घरात कान्नोन देवीची मूर्ती ठेवायची आणि मनात तिलाच मेरी म्हणायचे. प्रार्थना तोंडपाठ, लॅटिन शब्द पिढ्यान्पिढ्या झिजून त्यांचा अर्थ कुणाला कळेनासा झाला होता, पण क्रम चुकला नव्हता. माझी आजी अशी कितीतरी स्तोत्रे म्हणायची. शब्दांचा अर्थ तिला विचारला की ती म्हणे, "अर्थ त्याला ठाऊक आहे, मला म्हणायचं ठाऊक आहे."

बाकावर बसून मी हे सगळे सौभाग्यवतीला सांगत होतो. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "एवढं सगळं वाचून आलात, मग सकाळी टेकडी का टाळलीत?"

बायकोपुढे सबबी फार वेळ टिकत नाहीत. मी तिला सांगितले.

पाचवीत असताना शाळेने आम्हाला वसईच्या किल्ल्यात नेले होते. सरांनी बुरुजावर उभे राहून चिमाजीअप्पांची गोष्ट अशी काही सांगितली, की आम्ही पोरे पेटून उठलो. खाऊ झाल्यावर लढाईचा खेळ ठरला. एक तुकडी मराठ्यांची, एक फिरंग्यांची. फिरंगी व्हायला कोण तयार होणार? मी पुढारी होतो. मी माझ्या बाकावरच्या मित्राकडे बोट केले आणि म्हणालो, "हा फिरंगी. याचं नावच फिरंगी आहे."

तो म्हणाला, "माझं नाव फिरंगी नाही. गोन्सालो वसईचाच होता. आजी सांगते."

मी म्हणालो, "वसईचा होता, तर जपानात कशाला मेला? आपल्या गावचा माणूस कधी असा मरतो का?"

सगळे हसले. सरही हसले असावेत, निदान मला तसे आठवते. तो मुकाट्याने तटाच्या त्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि आम्ही त्याला हरवले. दुसऱ्या दिवशी तो माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. त्याने अबोला धरला असता तर बरे झाले असते. भांडलो असतो, मिटले असते. तो नेहमीसारखा बोलला, डब्यातली सुकेळी दिली. फक्त किल्ल्यात तो पुन्हा माझ्याबरोबर कधी आला नाही. नववीत, कॉलेजात, पुढे पोरेबाळे झाल्यावरही, किल्ल्याकडे जाऊ या म्हटले की त्याला वाडीत काम निघायचे.

चिमाजीअप्पांच्या पराक्रमाबद्दल माझे मन आजही तितकेच भरून येते. त्यात उणे काही नाही. पण तटाच्या आतली नि बाहेरची माणसे नावावरून वाटून टाकण्याचा अधिकार मला अकराव्या वर्षी कुणी दिला होता?

सौभाग्यवती काही बोलली नाही. उठताना तिने दानपेटीत एक नाणे टाकले.

दुपारी उराकामीला गेलो. शहराच्या उत्तरेकडचे हे खोरे, त्या छुप्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे. ओळख दिल्याची शिक्षा त्यांना लगेच मिळाली. तीन हजारांहून अधिक माणसांना घरादारांतून उठवून देशभर हद्दपार केले. १८७३ साली बंदी उठली, उरलेले परत आले, आणि विटा रचत रचत त्यांनी एक मोठे चर्च बांधले. १८९५ साली सुरू केलेले ते १९१४ साली वापरात आले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी अणुबॉम्ब फुटला तो या चर्चपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर.

बॉम्ब खरे तर कोकुरावर पडायचा होता. कोकुरा म्हणजे फुकुओकाजवळचेच शहर. त्या सकाळी तिथे ढग आणि धूर होता, खालचे दिसेना, म्हणून विमान इकडे वळले. वर्षअखेरपर्यंत नागासाकीत सुमारे ७४ हजार माणसे गेली. उराकामीच्या चर्चच्या बारा हजार भाविकांपैकी साडेआठ हजार. अडीचशे वर्षे राजाला जे जमले नाही ते एका सकाळीत झाले, असे लिहायला हात गेला होता. पण तिथे उभे असताना असली वाक्ये सुचत नाहीत, ती नंतर टेबलापाशी सुचतात.

शांतता उद्यानातला किटामुरा सेइबोने घडवलेला तो भव्य पुतळा, १९५५ सालचा, एक हात आकाशाकडे, एक आडवा, मला फारसा भावला नाही. फार बलदंड वाटला. त्यापेक्षा चर्चच्या आवारातल्या काळवंडलेल्या, नाक-हात तुटलेल्या दगडी मूर्ती पाहून जीव कासावीस झाला. चर्च १९५९ साली पुन्हा बांधले. जुन्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून धड निघाली, एक फुटली होती. त्या फुटलेल्या घंटेची जागा जवळजवळ ऐंशी वर्षे रिकामी होती. २०२५ साली अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली. खाली थोड्या अंतरावर सान्नो देवळाचे तोरण एका पायावर उभे आहे, आणि त्यापुढे दोन कापराची झाडे. जळून ठूंठ झालेली, मग पुन्हा फुटलेली. सौभाग्यवतीने खोडाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

आणि मग पाऊस आला. वसईला जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो तसा, आधी वारा, मग टपोरे थेंब.

टेकडीवर पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. चढ खरोखरच पाच-सात मिनिटांचा निघाला. वर मोकळी जागा, आणि समोर एक लांब आडवी भिंत. भिंतीवर ओळीने सव्वीस ब्राँझच्या माणसांचे उठावशिल्प. फुनाकोशी यासुताके या शिल्पकाराने १९६२ साली, संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, ते केले. मी क्रूस, खिळे, रक्त पाहण्याची तयारी करून गेलो होतो. तसे काहीच नाही. सगळे समोर तोंड करून, बहुतेकांचे हात जोडलेले. फक्त पाय जमिनीवर टेकलेले नाहीत. बोटे खाली लोंबकळलेली. त्या पायांकडे लक्ष गेले की कळते. ओळीत तीन जण उंचीने कमी आहेत. ती मुले. सर्वांत लहान बारा वर्षांचा. मी अकराचा होतो.

हिदेयोशी इतका का संतापला, याची एक गोष्ट सांगतात. १५९६ साली मनिलाहून निघालेले एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. माल जप्त झाला, तेव्हा त्याचा सुकाणू धरणारा रागाने म्हणे बोलून गेला, की आमचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागून सैन्य. तो असे खरेच बोलला का, यावर विद्वान भांडतात. पण वसईच्या माणसाला ते वाक्य अगदीच खोटे वाटत नाही. हिदेयोशीची भीती मला समजते. फक्त जे सव्वीस जण चालवत आणले, त्यांतले वीस जण जपानीच होते. चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आमचा. यांच्यातल्या कुणाच्या मागे सैन्य होते?

आता यातला गोन्सालो कोणता? चष्म्यावर पाणी, हातात छत्री, आणि ओळीतले कोण कुठले काही उमगेना. फोनमधले यंत्र पावसात भिजून रुसले होते. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाललो. तेवढ्यात मागच्या संग्रहालयाकडून एक वृद्ध गृहस्थ छत्री घेऊन आले. सत्तरीचे तरी असतील. कंबरेत वाकून त्यांनी विचारले, "इंदो?"

जपानीत हिंदुस्थानला इंदो म्हणतात, एवढे मला ठाऊक होते. मी मान हलवली. ते काही न बोलता ओळीच्या कडेने चालू लागले, एका आकृतीपुढे थांबले आणि छत्री मिटून तिच्या टोकाने न दाखवता, उघड्या हाताने दाखवत म्हणाले, "गोन्झारो गारुशिया. इंदो."

पाऊस त्यांच्या डोक्यावर पडत होता. मी माझी छत्री पुढे केली.

मग त्यांनी मला काही विचारले. मला कळेना. सौभाग्यवतीने फोन पदराने पुसून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पुन्हा तेच विचारले, आणि फोनमधली बाई तिच्या त्या कोरड्या मराठीत म्हणाली, "तुम्ही त्यांचे कोण आहात?"

यंत्राने काय उलटसुलट केले असेल कोण जाणे. कदाचित ते नुसते विचारत असतील, तुम्ही ख्रिस्ती आहात का, किंवा तुम्ही कुठून आलात. पण प्रश्न माझ्यापर्यंत आला तो असा. दुभाष्याला दोष देऊन काय उपयोग?

मी फोनजवळ तोंड नेले. घसा दाटला होता. म्हणालो, "गाववाला."

यंत्राने याचे काय केले तेही मला ठाऊक नाही. पण गृहस्थांनी ऐकले, माझ्याकडे पाहिले, आणि ओल्या फरशीवर दोन्ही हात मांड्यांना लावून इतके खोल वाकले, की मी गोंधळून गेलो. तो नमस्कार घेण्याचा मला काहीच हक्क नव्हता. मीही वाकलो. मग त्यांनी माझी डायरी मागितली आणि तिच्यात जपानी अक्षरांत ते नाव लिहून दिले. पान थोडे भिजले, शाई एका अक्षरावर फुटली. फोटो काढला, पण त्यात पावसाच्या रेघा आल्या. दुसरा काढायला उजेड नव्हता.

परतीच्या गाडीत सौभाग्यवतीला झोप लागली. मी कास्तेराचा उरलेला तुकडा खाल्ला.

वसईला आल्यावर आठवड्याभराने मित्राकडे गेलो. संध्याकाळ होती, त्याची आई ओट्यावर बसली होती, वाडीत पाणी चालले होते. मी फोन त्याच्या हाती दिला आणि डायरीचे पान उघडले. त्याने आधी फोटो पाहिला. बोटांनी मोठा केला, पायांपाशी नेला, चेहऱ्यापाशी आणला. मग डायरीकडे वळला.

"हे माझं नाव?"

"हो."

त्याने शाई फुटलेल्या अक्षरावरून अंगठा फिरवला. मी म्हणालो, "अरे, त्या दिवशी किल्ल्यात मी..."

"पाऊस होता वाटतं तिथे," तो पानावरून नजर न उचलता म्हणाला.

"होता."

"आपल्यासारखा?"

"आपल्यासारखाच."

"आईला दाखव," तो म्हणाला, आणि पाण्याचा पाट वळवायला उठला.